व्यवसायाचा रकाना

जॉस्लिन, त्या दिवसापर्यंत तू मला ओळखत नव्हतीस.
मी तुझ्या नवऱ्याला ओळखत होते,
गुरुवारच्या, साडेनऊनंतरच्या.
हे असं सांगायला नको, पण दुसरं कसं सांगायचं
ते अजून सुचलेलं नाही.

इन्व्हरकार्गिलात वारा समुद्रावरून सरळ आत येतो,
कुणाचं दार वाजवत नाही.
टे स्ट्रीटच्या मागे, रंगाच्या दुकानावर, माझी खोली.
इथं माझा धंदा कायद्यात बसतो. मी कर भरते,
हीटरची बिलं बिस्किटांच्या डब्यात जपते.
खाली काचेला त्याचं पोस्टर आहे अजून:
काखेत चेंडू, गुडघ्याला चिखल,
अख्ख्या गावाचा लाडका डॅलो.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
ही मूठ त्याहून महाग. तिचा विमा क्लब भरतो,
तिला बर्फात ठेवतो, पट्ट्या गुंडाळतो,
आणि ती उघडी पडू नये म्हणून
एक माणूस खास पगारावर आहे,
तो पेपरवाल्यांना बिअर पाजतो.

तू तक्रार केलीस ते मला मासळीच्या दुकानात कळलं.
ब्लफची कालवं मोजता मोजता बाई म्हणाली,
"हंगामाच्या ऐन मध्यावरच आठवलं हिला?"
रांगेत कुणी मान हलवली, कुणी चिल्लर शोधली.
मी डझनभर घेतली. घरी आल्यावर खाववेनात.

मग चर्चच्या हॉलमधली ती सभा, तुझ्यासाठीची.
चीज रोल, थर्मास, ओल्या कोटांचा वास.
मी उठून म्हटलं, मला साक्ष द्यायचीय.
कुणाचा तरी घास तोंडातच राहिला.
विनिफ्रेडबाई, चाळीस वर्षं मोर्च्यांत घालवलेली,
मायेनं म्हणाली, पोरी, तुझं कामच मुळात मार आहे,
रोजचा. आधी त्यातून बाहेर ये.
टॅमसिन, वकिलीला असलेली, तिच्यावर खेकसली,
काम म्हणजे काम, ती कामगार आहे.
दोघी माझ्यावरून तासभर भांडल्या.
दोघींच्या म्हणण्यात तथ्य होतं.
मी तोवर खुर्च्या रचून ठेवल्या.
शेवटी ठरलं की जॉस्लिनची केस नाजूक आहे,
तुझं नाव आलं तर त्याचा वकील...
वाक्य कुणी पुरं केलं नाही.
दोन मुलींची आई आणि मी
एका पानावर मावत नव्हतो.

तू मागोमाग पार्किंगमध्ये आलीस. टोपी नाही, केस वाऱ्यावर.
एवढंच विचारलंस: कुठली बाजू?
मी कॉलर खाली ओढली. डावा खांदा.
तू कानामागचे केस उचललेस.
चषकाच्या अंगठीचा तोच चौकोन, तोच तुटका कोपरा,
एकाच कचेरीतून शिक्का मारून आलेले
दोन कागद जसे.

"नंतर माफी मागायचा तुझी?"
नाही. वीस डॉलर जास्तीचे ठेवायचा, दिव्याखाली.
"माझ्यापाशी रडायचा. गुडघ्यावर बसून.
मग मीच त्याला थोपटायचे."
थोडं थांबून म्हणालीस, "म्हणजे तुला निदान..."
आणि हसलीस, जॉस्लिन, आणि मीही,
इतक्या मोठ्यानं की मुली गाडीच्या काचेला नाक लावून बघू लागल्या.
लाज नंतर वाटली. तेव्हा नाही.

शनिवारी तो खेळलाच.
दोनदा चेंडू रेषेपार टेकवला.
मैदानावरचा गलका माझ्या खोलीत आला,
वारा तिकडचाच होता.

सोमवारी चौकीत पोलीस तरुण होता,
टेबलाच्या काचेखाली सामन्यांचं वेळापत्रक.
नाव सांगितलं, आईनं ठेवलेलं: टोनिया.
खूप दिवसांनी माझ्याच तोंडून ऐकलं.
"व्यवसाय?" त्यानं विचारलं
आणि पेन अधांतरी धरलं,
मी काहीतरी बरं सुचवीन म्हणून.
मी सांगितलं.
"असंच लिहू?"
असंच लिही, म्हटलं.
आणि खाली तारखा आहेत, नऊ.
त्याही घे.